डेंग्यूत पांढऱ्या पेशी कमी होतात, मग लढतं कोण? (रिपोर्ट समजून घ्यायचाय)

ढोकाळीची आई
नमस्कार मंडळी. ठाण्यात ढोकाळीला राहतो, मुलगा अकरावीत आहे, सोमवारपासून ताप आहे, १०३ पर्यंत जातोय, डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणतो आणि अंग असं दुखतंय की कूस बदलायला पण नको म्हणतो. एनएस१ (डेंग्यूच्या व्हायरसचं प्रोटीन शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आलंय म्हणजे डेंग्यू नक्की. डॉक्टरांकडे रोज जातोय, ते म्हणाले सध्या घरीच ठेवा, पाणी-सरबत चालू ठेवा आणि रोज सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा, त्यामुळे औषध कुठलं द्यावं हे विचारायला हा धागा नाहीये. मला रिपोर्ट कळत नाहीये आणि दवाखान्यात एवढी गर्दी की दोन मिनिटांच्या वर बोलताच येत नाही.

आजचा रिपोर्ट: टोटल काउंट २,६०० (बाजूला छापलंय नॉर्मल ४,००० ते ११,०००), न्यूट्रोफिल ३६ टक्के, लिम्फोसाइट ५४ टक्के, प्लेटलेट ९८,०००, हिमॅटोक्रिट ४१, आणि खाली रिमार्क मध्ये 'अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट्स सीन'. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे प्लेटलेट प्लेटलेट करतायत पण मला धास्ती पांढऱ्या पेशींची वाटतेय. शाळेत शिकलो की पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, मग इन्फेक्शन झालं की त्या वाढायला हव्यात ना? मागे त्याचे टॉन्सिल्स सुजून पू झाला होता तेव्हा काउंट १६,००० होता आणि तेव्हा सांगितलं की इन्फेक्शन आहे म्हणून वाढलाय. आता पण इन्फेक्शनच आहे, मग कमी कसा काय? अंगात लढायला कोणी उरलंच नाही असं तर नाही ना?

पामबीच
ताई काळजी करू नका. पपईच्या कोवळ्या पानांचा रस, सकाळ संध्याकाळ दोन चमचे, गुळवेल, किवी आणि ड्रॅगनफ्रूट. इम्युनिटी बूस्ट झाली की सगळे काउंट आपोआप वर येतात. आमच्या सानपाड्यात पपईची झाडं आहेत, हवी तर पानं आणून देतो.

आंबटगोड
आली पपई. पहिल्याच प्रतिसादात आली. दर पावसाळ्यात अख्ख्या नवी मुंबईतल्या पपया बोडक्या होतात पण डेंग्यू काही हटत नाही.

स्लाइडवाला
नौपाड्यात लॅबमध्ये काम करतो, पावसाळा सुरू झाला की दिवसभर हेच रिपोर्ट. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे औषधाचं काही बोलणार नाही, आकड्यांचं सांगतो.

ताई सीबीसी मध्ये आम्ही फक्त त्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये आलेल्या पेशी मोजतो. म्हणजे त्या क्षणाला शिरेतून वाहत असलेल्या. अस्थिमज्जेत किती तयार पडून आहेत, शिरांच्या भिंतींना किती चिकटून बसल्यात, त्वचेत, लिव्हरमध्ये, लसिका गाठींमध्ये किती गेल्यात हे काहीच त्या आकड्यात येत नाही. संध्याकाळी घोडबंदरला एकही रिकामी रिक्षा दिसत नाही म्हणून ठाण्यातल्या रिक्षा संपल्या असं आपण म्हणतो का, तसंच आहे हे.

आता टॉन्सिल्स आणि डेंग्यू. टॉन्सिल्सना पू झाला होता म्हणजे बहुतेक बॅक्टेरिया. बॅक्टेरियावर पहिल्यांदा धावून जातात न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, म्हणून मज्जा त्या रोज साधारण दहा हजार कोटी बनवत असते, आणि वर तयार साठा पण ठेवते. बॅक्टेरियाचा वास लागला की तो साठा रक्तात सुटतो, काउंट १६ वर काय २० हजारावर पण जातो, घाई जास्त असली तर अर्धवट पिकलेल्या पेशी पण बाहेर येतात, त्यांना आम्ही बँड फॉर्म म्हणतो. त्या जखमेपाशी जातात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच.

डेंग्यूचा व्हायरस पेशीच्या आत घुसून वाढतो, आत घुसलेल्याला न्यूट्रोफिल काय गिळणार. शिवाय या आजारात मज्जेचं उत्पादन काही दिवस मंदावतं. म्हणून टोटल काउंट पडतो, न्यूट्रोफिलचा टक्का पडतो आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकाराचा टक्का वर दिसतो. एनएस१ पॉझिटिव्ह आणि काउंट दोन-तीन हजार ही जोडी आम्हाला इतकी ओळखीची झालीय की काउंट १५ हजार आला तर उलट आम्हीच चमकतो, की बाबा डेंग्यूबरोबर अजून काही आहे की काय, लेप्टो वगैरे.

प्लेटलेट बद्दल पण एक सांगतो. कधी कधी ट्यूबमधल्या औषधामुळे प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन ते मोजतच नाही, आकडा खोटा कमी येतो. म्हणून आकडा अचानक फारच पडला तर स्लाइड बघितली का एवढं लॅबला विचारा.

ढोकाळीची आई
खूप धन्यवाद दादा, जरा जीवात जीव आला. आणि ते अ‍ॅटिपिकल म्हणजे? नवऱ्याने गूगल केलं आणि थेट ल्युकेमियाच वाचून बसलाय, रात्रभर झोपला नाही.

स्लाइडवाला
साहेबांना सांगा झोपा. डेंग्यूत तो रिमार्क सर्रास असतो. मशीन फक्त झेंडा दाखवतं की काहीतरी वेगळं आहे, मग आम्ही रक्ताचा थेंब काचेवर ओढतो, लिशमनने रंगवतो, तेल टाकून १०० च्या लेन्सखाली बघतो. नेहमीचा लिम्फोसाइट छोटा असतो, लाल पेशीपेक्षा किंचित मोठा, गोल गडद केंद्रक आणि भोवती निळ्या रंगाची बारीकशी कड, संपलं. हा अ‍ॅटिपिकल म्हणजे त्याच्या दुप्पट, केंद्रक वेडंवाकडं, भोवतीचा निळा भाग भरपूर पसरलेला, आणि गंमत म्हणजे शेजारी लाल पेशी असली की त्याची कड तिच्या भोवती वाकून तिला बिलगते, आणि जिथे बिलगते तिथे निळा रंग अजून गडद होतो. एकदा बघितला की विसरत नाही. तो आजारी पेशींचा फोटो नाहीये, कामाला लागलेल्या पेशींचा आहे. नेमकं कसलं काम ते इथे मास्तरीणबाई सांगतील, मला वरची अर्धी थिअरी आता आठवत नाही.

मास्तरीणबाई
हाक आली म्हणून आले. वाशीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त, त्यामुळे वेळ आहे आणि लिहायची खोड पण आहे, लांबलं तर स्क्रोल करा.

ते 'पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक' हे आधी डोक्यातून काढा, मुलांना सांगायला बरं वाटतं पण मग आकडा कमी म्हणजे हार असं वाटायला लागतं. कुठली पेशी कुठे पोचते आणि कुणाशी काय बोलते यावर सगळं असतं.

डास चावतो तेव्हा व्हायरस थेट सगळाच रक्तात जात नाही, बराचसा त्वचेत पडतो. त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात, डेंड्रिटिक सेल. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्या शोधल्या आणि त्यानंतर कितीतरी वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०११ ला त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा ते तीनच दिवसांपूर्वी वारले होते आणि समितीला माहीतच नव्हतं, तरी पारितोषिक कायम ठेवलं. तर या पेशी व्हायरसचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका गाठीत जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ते या गाठीच. तिथे या तुकड्यांची ओळखपरेड चालते.

आणि इथे खरी कमाल आहे. तुमच्या मुलाला डेंग्यू व्हायच्या आधीपासूनच, त्याच्या अंगात डेंग्यूचा तुकडा ओळखणारे टी आणि बी लिम्फोसाइट होतेच. मोजकेच, पण होते. कारण प्रत्येक लिम्फोसाइट तयार होताना आपल्या रिसेप्टरच्या, म्हणजे तुकडा ओळखणाऱ्या रेणूच्या, जनुकांचे तुकडे वेगवेगळे जुळवून घेतो, म्हणून कोट्यवधी वेगवेगळे रिसेप्टर आधीच तयार असतात. बी पेशींमध्ये हे कसं होतं ते सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यांना एकट्याला. पण जुळणारे असतात लाखांत एखादे, त्यांना एकाचे दोन, दोनाचे चार करत हजारो लाखो व्हायला दिवस लागतात. म्हणून पहिल्या खेपेला आठवडाभर ताप सोसावा लागतो. स्लाइडवर दिसतात ते बरेचसे हेच, चेतलेले, वाढत असलेले.

तोपर्यंत काय? तोपर्यंत व्हायरस घुसलेली पेशी स्वतः इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सोडते आणि आजूबाजूच्या पेशी दारं लावून घेतात. १९५७ ला लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना हे सापडलं. नॅचरल किलर पेशी संशयित पेशी उडवत असतात. अंग मोडून येणं, मलूल पडणं, भूक मरणं, यात इंटरफेरॉन आणि इतर सायटोकाइन्सचा, म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात त्या रासायनिक निरोपांचा, मोठा हात आहे. म्हणजे मुलगा कूस बदलत नाही त्यातलं बरंच दुखणं व्हायरसचं नाही, त्याच्या स्वतःच्या पेशींनी केलेलं आहे.

मग चेतलेल्या टी पेशी येतात आणि जिच्या आत व्हायरस आहे ती आपलीच पेशी मारतात. ती ओळखायची कशी, तर प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचे नमुने बाहेर एमएचसी नावाच्या रेणूवर मांडून ठेवते. बी पेशींपैकी काही प्लाझ्मा सेल होतात आणि सेकंदाला हजारो या वेगाने अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसला चिकटणारी प्रोटीन्स, बाहेर टाकतात.

जाता जाता: पेशी जंतू गिळतात हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं मेचनिकॉफ यांनी. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला आणि सकाळी त्याच्याभोवती पेशी जमलेल्या बघितल्या. पुढे कितीतरी वर्षं भांडण, की रोगाशी पेशी लढतात की रक्तातला द्रव. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि द्रववाले एर्लिख दोघांना मिळून दिलं. दोघंही बरोबर होते.

आंबटगोड
बाई, तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो.

पामबीच
छान माहिती. पण मग इम्युनिटी वाढवली तर या पेशी अजून जोरात काम करतील ना? माझा मुद्दा तोच होता. पपईने आमच्या मेव्हण्याच्या प्लेटलेट ४० हजाराच्या १ लाख झाल्या, डोळ्यांनी बघितलंय.

मास्तरीणबाई
काका, डेंग्यूत सातव्या-आठव्या दिवसानंतर प्लेटलेट बहुतेकांच्या आपणहून वर येतात, त्याच सुमाराला जे चाललेलं असतं त्याला श्रेय मिळतं. काही छोट्या अभ्यासांत पपईच्या अर्काने प्लेटलेट जरा लवकर वाढलेल्या दिसल्यात हे खरं आहे, नाकारत नाही. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेटमुळे नाही, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) गळतीमुळे, आणि तिच्यावर पपईचा काही उपयोग दिसलेला नाही. वर तो कडू रस पिऊन पोर ओकायला लागलं तर पाणी पण पोटात टिकणार नाही.

आणि 'अजून जोरात' हेच तर नको असतं. गळती का होते बघा. चेतलेल्या पेशी सायटोकाइन्स ओततात, व्हायरसचं ते एनएस१ प्रोटीन पण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतं, दोन्ही मिळून केशवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात, छातीत साचतं आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. हे होतं साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बऱ्याचदा ताप उतरताना. व्हायरस तेव्हा कमी व्हायला लागलेला असतो. लोक म्हणतात ताप गेला, सुटलो, आणि नेमकं तेव्हाच पोरगं गार पडतं.

ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये माझं लक्ष त्या हिमॅटोक्रिट ४१ कडे आहे, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के. तो आकडा रोज लिहून ठेवा. प्लेटलेट उतरतायत आणि हिमॅटोक्रिट चढतोय, ४१ चा ४६, ४९, असं झालं तर रक्त घट्ट होतंय, तेव्हा फोनवर न विचारता सरळ हॉस्पिटल. तसंच पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, किंवा पोरगं फार सुस्त नाहीतर उगाच चिडचिडं, यातलं काहीही असेल तर ताप नसला तरी लगेच. आणि ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घरच्या डब्यातून कुणी देऊ नका.

सांधेदुखी ऐरोली
'अजून जोरात नको' याला +१००. मला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड, माझ्या पेशींना कुणी बूस्ट केलं तर मी अंथरुणातून उठणारच नाही. माझी इम्युनिटी माझ्याच बोटांच्या सांध्यांवर काम करते, सकाळी डब्याचं झाकण उघडत नाही. मेथोट्रेक्सेट चालू आहे ते या पेशींना दाबायलाच. लोक मला च्यवनप्राश आणून देतात, काय बोलणार. बाई एक शंका, मग नॉर्मल माणसाच्या पेशी त्याचेच सांधे का खात नाहीत? जर रिसेप्टर असे रँडम बनतात तर स्वतःला ओळखणारे पण बनत असणारच की.

मास्तरीणबाई
अगदी नेमकं विचारलंस. बनतात. टी पेशी छातीत हृदयाच्या वर थायमस म्हणून ग्रंथी असते तिथे तयार होतात, आणि स्वतःला घट्ट ओळखणाऱ्या बऱ्याचशा तिथेच मारल्या जातात. थायमसला पूर्वी निरुपयोगी अवयव समजायचे, १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांचा थायमस काढून दाखवलं की त्याच्याशिवाय चालत नाही. तरी काही पेशी सुटतात. त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, रेग्युलेटरी टी सेल, शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं फॉक्सपी३ जनुक शोधलं आणि तिघांना मिळून २०२५ चं नोबेल. आवर घालणाऱ्या पेशींनाच नोबेल मिळालंय, बूस्टवाल्यांनी नोंद घ्यावी.

खारघर सेक्टर
थोडं अवांतर पण याच विषयातलं. आमच्या नात्यातल्या मुलाला ल्युकेमिया होता म्हणून खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, म्हणजे टाटाचं इकडचं सेंटर, खूप फेऱ्या झाल्या, तिथे कार-टी बद्दल पहिल्यांदा ऐकलं. पेशंटच्याच टी पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, त्यांच्यात एक नवीन जनुक घालतात म्हणजे त्या कॅन्सर झालेल्या बी पेशींवरचं सीडी१९ नावाचं प्रोटीन ओळखायला लागतात, बाहेर वाढवून पुन्हा सलाइनसारख्या चढवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून बनवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते पवईला उद्घाटन झालं.

तिथे पण भीती हीच असते की पेशी फार जोरात सुटतील. अमेरिकेत २०१२ ला एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला जगात पहिल्यांदा लहान मुलात ही ट्रीटमेंट दिली तर ती व्हेंटिलेटरवर गेली, तपासलं तर आयएल-६ नावाचं सायटोकाइन आकाशाला भिडलेलं, आणि तिला वाचवलं कशाने तर सांधेदुखीच्या औषधाने, टोसिलिझुमॅब. ती बरी झाली. ऐरोलीताईंचं वाचून आठवलं.

सांधेदुखी ऐरोली
अरे बापरे, टोसिलिझुमॅब माझ्या डॉक्टरांनी पुढचा पर्याय म्हणून सांगितलंय!! हे नाव इथे भेटेल असं वाटलं नव्हतं.

ढोकाळीची आई
अपडेट. परवा ताप उतरला तसं आम्ही बाईंनी सांगितलेलं ध्यानात ठेवून घरातच खूश होऊन बसलो नाही. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, हिमॅटोक्रिट ४६ आला, प्लेटलेट ५४,०००, लगेच अ‍ॅडमिट केलं. सलाइन लावलं, पहिल्या रात्री दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघत होते, प्लेटलेट चढवल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले रक्तस्राव नाही तर उगाच नको. आज ४०, प्लेटलेट ७६,०००, टोटल काउंट ४,१००, आणि वडापाव मागतोय. आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, आयजीजी (जुन्या इन्फेक्शनची) निगेटिव्ह आलंय. डॉक्टर म्हणाले बहुतेक पहिलाच डेंग्यू, पुढच्या वेळी जास्त जपा. आता हे काय नवीन? एकदा झालं की कांजिण्यांसारखं पुन्हा होत नाही ना?

मास्तरीणबाई
वा, छान बातमी. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. जो झाला त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण, बाकी तीन शिल्लक. आणि गोम अशी की पहिल्या प्रकारावरच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराच्या व्हायरसला चिकटतात पण त्याला निकामी करत नाहीत. अँटिबॉडीची शेपटी पकडून गिळायची मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींना सवयच असते, आणि डेंग्यूला वाढायला नेमक्या त्याच पेशी हव्या असतात. म्हणजे आयतं आत नेऊन बसवलं. स्कॉट हालस्टेड यांनी १९६० च्या दशकात बँकॉकच्या मुलांमध्ये हे हेरलं, गंभीर डेंग्यू दुसऱ्यांदा झालेल्यांत जास्त, आणि पहिल्यांदा होऊनही वर्षाच्या आतल्या बाळांत, कारण त्यांच्या अंगात आईच्या अँटिबॉडी असतात. क्यूबात १९७७ ला प्रकार १ ची साथ आली, १९८१ ला प्रकार २ ची, तेव्हा ३ लाख ४४ हजारांवर लोक आजारी पडले आणि १५८ गेले.

म्हणूनच लस इतकी अवघड, चारही प्रकारांवर एकदम नीट चालायला हवी. आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांनी एका डोसच्या, चारही प्रकारांच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू केली.

घाबरू नका, दुसऱ्यांदा झालेले बहुतेक लोकही बरेच होतात. फक्त हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा आणि पुढे कधी ताप आला तर डॉक्टरांना आधी हे सांगा.

पामबीच
बाई सगळं वाचलं. पानं नाही आणत मग, शहाळी आणतो.

आंबटगोड
शहाळी चालतील. बरं ढोकाळीताई, तुमच्या शेजारच्या टॉवरचं काम बंद पडलंय ना, त्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय आणि अळ्या वळवळतायत, मी परवा टॉर्च मारून बघितलं. धुराची गाडी रात्री येऊन काय उपयोग, हा डास दिवसा चावतो आणि अंडी साठलेल्या पाण्यात घालतो, धुराने ती मरत नाहीत. शनिवारी सकाळी वॉर्ड ऑफिसला अर्ज घेऊन जातोय, फोटो आहेत माझ्याकडे, ढोकाळी-कोलशेतचं कोणी येणार असेल तर व्यनि करा.